अर्थसंकल्पातील एक ओळ आणि उच्च शिक्षणाची वाट

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे पुढील शिक्षण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या आधारावर उभे असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते, महाडीबीटीवरील अर्ज एवढी तयारी करून विद्यार्थी महाविद्यालयात जातो आणि मग वाट पाहू लागतो. ही रक्कम कोणत्या तिजोरीतून निघते, ती तिजोरी कोण आणि कोणत्या कायद्याने उघडतो, उशीर झाला तर तो नेमका कोठे झाला, हे त्याच्या पाठ्यपुस्तकात येत नाही. परिणामी शिष्यवृत्ती मिळाली तर सरकारची कृपा आणि न मिळाली तर आपले नशीब, अशी समजूत घर करते. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. शिष्यवृत्ती ही कृपा नव्हे. ती दरवर्षी संसदेत व विधिमंडळात मंजूर होणाऱ्या अर्थसंकल्पातील एक ओळ आहे. ही ओळ वाचता येणे हे उच्च शिक्षणाच्या हक्काइतकेच महत्त्वाचे आहे, एवढेच या लेखात आम्हांस मांडावयाचे आहे.

बाबासाहेब आणि सार्वजनिक पैसा

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. सार्वजनिक वित्ताचे अभ्यासक ही त्यांची ओळख मात्र अजून घराघरांत पोहोचलेली नाही. कोलंबिया विद्यापीठातील पीएच.डी.साठी त्यांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताच्या विकासाचा अभ्यास केला. तो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. १८३३ नंतर साऱ्या देशाचा महसूल मध्यवर्ती सरकारच्या हाती कसा एकवटला, पुढे १८७१ पासून प्रांतांना ठरावीक रकमा, १८७७ पासून महसुलाची काही साधने आणि १८८२ पासून महसुलातील वाटा कसा दिला गेला, हा क्रम त्यांनी त्यात उलगडून दाखविला. काम एकाने करावयाचे आणि पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, ही अडचण त्या इतिहासात पानोपानी दिसते. आजच्या शिष्यवृत्तीच्या प्रश्नाचे मूळही तेथेच आहे.

पैसा थांबला की शिक्षण थांबते, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते. १९१३ साली सयाजीराव महाराज गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. तिची मुदत संपताच १९१७ साली लंडन येथील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना मायदेशी परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठविलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. असामान्य बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्यालाही तीन वर्षे थांबावे लागले. सामान्य विद्यार्थी थांबला की बहुधा परत येत नाही.

म्हणूनच मुंबई विधिमंडळात पाऊल ठेवताच त्यांनी शिक्षणाच्या तरतुदीला हात घातला. मार्च १९२७ मध्ये शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी सरकारपुढे साधा हिशेब ठेवला. या इलाख्यात शिक्षणावर माणशी केवळ चौदा आणे खर्च होतात आणि अबकारीतून मात्र माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल केले जातात. दारूवरील कराच्या रूपाने लोकांकडून जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयीचे सविस्तर निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना सादर केले. त्याचे फळ म्हणून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी वार्षिक तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ साली योजना सुरू झाली. आज ज्या योजनेवर आपली मुले शिकतात ती मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हीच. ती एका लेखी, मुद्देसूद, आकड्यांनिशी केलेल्या मागणीतून जन्माला आली, ही गोष्ट विसरता कामा नये.

घटनेतील वचन आणि घटनेतील तिजोरी

घटनेच्या अनुच्छेद ४६ ने अनुसूचित जाती-जमातींच्या शैक्षणिक व आर्थिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली आहे. परंतु हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो आणि अनुच्छेद ३७ नुसार ती तत्त्वे न्यायालयामार्फत थेट अमलात आणता येत नाहीत. वचनाला रुपयांचे रूप येते ते दुसऱ्याच प्रकरणात. अनुच्छेद ११२ नुसार वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र, म्हणजेच अर्थसंकल्प, संसदेपुढे येतो. अनुच्छेद ११३ नुसार प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांवर लोकसभा मत देते. त्यानंतर अनुच्छेद ११४ नुसार विनियोजन विधेयक संमत झाल्याखेरीज भारताच्या एकत्रित निधीतून एक पैसाही काढता येत नाही. राज्यासाठी हीच रचना अनुच्छेद २०२ ते २०४ मध्ये आहे.

यात एक बारकावा आहे. सरकारी कर्जावरील व्याज, न्यायाधीशांची वेतने यांसारखा खर्च एकत्रित निधीवर ‘भारित’ असतो. त्याच्यावर मतदान होत नाही. तो द्यावाच लागतो. शिष्यवृत्ती मात्र ‘मतदेय’ खर्चात येते. ती दरवर्षी नव्याने मागावी लागते आणि दरवर्षी नव्याने मंजूर व्हावी लागते. मंजुरीची चर्चाही प्रत्येक वेळी होतेच असे नाही. चर्चेचा वेळ संपला की उरलेल्या सर्व मागण्या एकत्रितपणे मताला टाकल्या जातात. याला गिलोटिन म्हणतात. २०१८ आणि २०२३ साली तर गोंधळामुळे लोकसभेत संपूर्ण अर्थसंकल्पीय खर्च चर्चेविना संमत झाला. ज्या समाजाचे प्रश्न आधीच मागे ढकललेले असतात, त्याचे सर्वांत अधिक नुकसान अशा मौनात होते.

कायद्यातील एका शब्दाने तिजोरीचे दार कसे उघडते वा मिटते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट होती. त्यामुळे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीत स्थान राहिले नाही. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या. पण केंद्राच्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द येण्यास १९९० साल उजाडले. तो शब्द आपोआप आला नाही. चौतीस वर्षांची निवेदने, मोर्चे आणि संसदेतील पाठपुरावा त्यामागे होता.

साठ आणि चाळीस

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती केंद्र पुरस्कृत आहे. तिचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. यापूर्वीच्या पद्धतीत पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी जेवढा खर्च झाला असेल तेवढी रक्कम पुढील काळात राज्याची ‘बांधील जबाबदारी’ ठरे आणि त्याहून वरचा खर्च केंद्र देई. बाराव्या पंचवार्षिक योजनेची २०१७ साली समाप्ती झाली, नवा हिशेब लागू झाला आणि राज्यांवरील भार एकदम वाढला. केंद्र सरकारच्याच निवेदनानुसार २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राचे साहाय्य वर्षाला सरासरी सुमारे १,१०० कोटी रुपये एवढेच राहिले. साऱ्या देशातील अनुसूचित जातींच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ही रक्कम होती. योजना कागदावर जशीच्या तशी होती. कोणी ती रद्द केली नाही, कोणी तिच्याविरुद्ध भाषण केले नाही. केवळ वाट्याचे सूत्र बदलले आणि अनेक राज्यांत ती आचके देऊ लागली.

तेव्हा विद्यार्थी संघटना, दलित अर्थहक्काचे काम करणाऱ्या संस्था, खासदार आणि वृत्तपत्रे यांनी हा प्रश्न लावून धरला. अखेर २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने नवे सूत्र मंजूर केले. पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटी रुपये, त्यांपैकी ३५,५३४ कोटी म्हणजे ६० टक्के केंद्राचे आणि उरलेले राज्यांचे, असा निर्णय झाला. ईशान्येकडील राज्यांसाठी हे प्रमाण ९०:१० आहे. हा निर्णय स्वागतार्ह होता आणि तो संघटित मागणीचे फळ होता, हे आम्ही मोकळेपणाने नोंदवतो.

परंतु नव्या सूत्रातही एक गाठ आहे. राज्याने आपला ४० टक्के वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा केल्यानंतरच केंद्राचा ६० टक्के वाटा थेट खात्यात येतो. म्हणजे राज्याने उशीर केला की केंद्राचाही पैसा अडतो. विद्यार्थी दोन सरकारांच्या मध्ये उभा राहतो. एक म्हणते पुढे विचारा, दुसरे म्हणते मागे विचारा. मुळात रक्कम किती, तेही पाहावे. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा शैक्षणिक भत्ता अभ्यासक्रमाच्या गटानुसार वर्षाला ४,००० ते १३,५०० रुपये आहे. सर्वांत वरच्या गटाचा हिशेब केला तरी तो महिन्याला १,१२५ रुपये होतो. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा त्या सूचनांत वर्षाला अडीच लाख रुपये आहे. आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी २०१९ साली हीच मर्यादा आठ लाख ठरविण्यात आली. या दोन आकड्यांमधील अंतराचे समर्थन कोणत्या अर्थशास्त्राने करावे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

उशिराची किंमत

अर्थसंकल्पातील कोटींच्या आकड्यांत काही हजारांची किंमत दिसत नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीमध्ये जागा मिळाली. १७,५०० रुपयांचे शुल्क मुदतीत भरता न आल्याने ती हातची गेली. सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून ३० सप्टेंबर २०२४ रोजी ती जागा त्याला परत मिळवून दिली. त्याला न्याय मिळाला. पण प्रत्येक विद्यार्थी दिल्लीच्या न्यायालयापर्यंत पोहोचू शकत नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद येथे रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याचा अंत झाला, तेव्हा त्याच्या अखेरच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या विद्यावेतनाचा उल्लेख होता. त्या मृत्यूची कारणे अनेक होती. त्यांत हा उल्लेखही होता, हे विसरता येत नाही.

बाबासाहेबांच्या वाटेने परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. २०२२ साली तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. १९१६ साली कोलंबियात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचणारा विद्यार्थी या नियमात बसला असता काय? जुलै २०२५ मध्ये या योजनेसाठी निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीस केवळ ४० जणांना तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधीच्या उपलब्धतेनुसार पत्रे मिळतील, असे कळविण्यात आले. निवड गुणवत्तेने झाली आणि प्रवेश ‘निधीच्या उपलब्धते’वर अडला. आमच्या मते या दोन शब्दांत साऱ्या प्रश्नाचे सार आहे.

वळविलेला निधी, कर्जाचे अनुदान

१९७९-८० पासून केंद्रात व राज्यांत अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली. ती उभी करण्यात पी. एस. कृष्णन यांच्यासारख्या सनदी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. लोकसंख्येच्या प्रमाणात विकासनिधी राखून ठेवणे हे तिचे तत्त्व. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आणि महाराष्ट्रात ११.८ टक्के आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पात विवरणपत्र १०-अ मध्ये हा निधी दाखविलेला असतो. ते विवरणपत्र उघडून पाहिले की शिष्यवृत्तीसारख्या थेट विद्यार्थ्याला मिळणाऱ्या बाबींबरोबर खतांवरील अनुदानासारख्या सर्वसाधारण बाबीही त्यात मोजलेल्या दिसतात. बेरीज मोठी दिसते. विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणारा भाग लहान असतो.

निधी वळविण्याची उदाहरणेही कमी नाहीत. दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी या योजनेतील शेकडो कोटी रुपये वळविले गेले. माहितीच्या अधिकारातून ते उघडकीस आले आणि २०१० साली तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत ते मान्य करावे लागले. महाराष्ट्रात २०२५ साली लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून अधिक रुपये वळविले गेले, तेव्हा त्या विभागाच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या योजनेचा लाभ आपल्या भगिनींनाही मिळतो, हा युक्तिवाद केला जातो. तो खराही आहे. पण तो लाभ त्यांना राज्याच्या नागरिक म्हणून मिळावयास हवा. त्यासाठी त्यांच्याच मुलांच्या वसतिगृहाचा पैसा का वापरावा?

अशा वळवणुकीस आळा घालण्यासाठी आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ साली, तर तेलंगणाने २०१७ साली कायदा केला. महाराष्ट्रातही अशा कायद्याची मागणी आहे आणि ती रास्त आहे. मात्र केवळ कायद्याने काम भागत नाही. कायदा असूनही कर्नाटकात २०२३-२४ मध्ये या निधीतील ११,००० कोटींहून अधिक रक्कम हमी योजनांकडे गेली. कायद्याच्या पाठीशी जागा असलेला समाज हवा.

दुसरा बदल अधिक मूक आहे. विद्यापीठांना पूर्वी इमारती व प्रयोगशाळांसाठी अनुदान मिळे. २०१६ च्या अर्थसंकल्पात उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्थेची घोषणा झाली आणि केंद्रीय संस्थांसाठी अनुदानाची जागा बऱ्याच अंशी कर्जाने घेतली. कर्जाची मुद्दल संस्थेने आपल्या अंतर्गत उत्पन्नातून फेडावयाची असते आणि या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन म्हणजे विद्यार्थ्यांचे शुल्क. शुल्क वाढते, शिष्यवृत्तीची मर्यादा तेथेच राहते आणि मधली दरी घरच्यांनी कर्ज काढून भरावयाची. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची १९६६ सालची शिफारस अजूनही शिफारसच आहे.

वाचावे कसे, विचारावे कधी

आता प्रत्यक्ष पाठ. कोणत्याही योजनेचे तीन आकडे असतात: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. भाषणात पहिला आकडा येतो, विद्यार्थ्याच्या खात्यात तिसरा. या दोहोंतील फरक शोधणे ही पहिली पायरी. गेल्या काही वर्षांत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्राची तरतूद सहा हजार कोटींच्या वर गेली आहे. ती किती खर्च झाली हे पुढील वर्षांच्या कागदपत्रांत पाहावे. टाळ्या त्यानंतर वाजवाव्यात.

दुसरी पायरी वेळेची. खात्यांच्या मागण्या शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तयार होऊ लागतात. केंद्राचा अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीस येतो, राज्याचा बहुधा मार्चमध्ये. पावसाळी व हिवाळी अधिवेशनांत पुरवणी मागण्या येतात. ३१ मार्चला न वापरलेली तरतूद संपते. आपले मोर्चे बहुधा पैसा थकल्यावर निघतात. आपली निवेदने मात्र मागण्या तयार होत असताना पोहोचली पाहिजेत.

तिसरी पायरी पुराव्याची. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघाने एक नोंदवही ठेवावी, असे आम्ही सुचवितो. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या अर्जाची तारीख, महाविद्यालयाने अर्ज पुढे पाठविल्याची तारीख, राज्याचा वाटा आल्याची तारीख आणि केंद्राचा वाटा आल्याची तारीख एवढेच चार रकाने असावेत. नावे बाहेर देऊ नयेत. फक्त दिवस मोजावेत. शंभर विद्यार्थ्यांची अशी नोंद घेऊन आमदारांना विधानसभेत व खासदारांना लोकसभेत प्रश्न विचारावयास सांगता येतो. ‘आमच्यावर अन्याय होतो’ या वाक्याला आश्वासन मिळते. ‘सरासरी इतके दिवस पैसा या टेबलावर थांबला’ या वाक्याला उत्तर द्यावे लागते.

दानपारमितेची शिकवण आपल्या संस्थेला आहे. या शाळेच्या भिंती अनेकांच्या दानातून उभ्या राहिल्या आणि त्या दानाविषयी आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु दान आणि हक्क यांची गल्लत होऊ नये. दान देणाऱ्याच्या मनावर असते. अर्थसंकल्पातील पैसा मात्र आपल्या आईबापांनी तिखट-मसाल्यापासून काडेपेटीपर्यंत दिलेल्या करांतूनही आलेला असतो आणि त्याचा हिशेब मागणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली चौदा आण्यांचा हिशेब मागितला, तेव्हा विधिमंडळात आपली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज या शाळेतून शिकून गेलेले शिक्षक, परिचारिका, अभियंते, वकील, लेखनिक गावोगावी आहेत. येत्या फेब्रुवारीत अर्थसंकल्प येईल, तेव्हा त्यांच्यापैकी प्रत्येकाने विवरणपत्र १०-अ उघडावे, त्यातील आपल्या मुलांची ओळ शोधावी आणि तिच्यापुढील आकडा शेजारच्या दहावीतील मुलाला समजावून सांगावा. हिशेब कळणारी पिढी तयार झाली, तर निधीअभावी कोणाचे शिक्षण थांबविणे सरकारांना सोपे जाणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!